हिरव्या जोडीच्या पोटी निळे पिल्लू

“निळ्या झेंड्याखाली अंडी उबवली, पिल्लू निळंच होणार की!”

आमच्या शेजारच्या आजीबाईंनी असा निकाल दिला आणि चहाचा कप खाली ठेवला. ही २०२१ सालच्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. गंगापूरला आमच्या बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आहे, शेजारी निळा ध्वज आहे आणि जागेची अडचण असल्याने त्याच्याच खाली पक्ष्यांचा पिंजरा टांगलेला आहे. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा चिरंजीवांच्या हट्टापायी आम्ही ही जोडी आणली. दोन्ही पक्षी हिरवेगार. पहिल्या खेपेला चार पिल्ले झाली, तीही हिरवी. दुसऱ्या खेपेला पाच झाली, आणि पिसे फुटू लागली तसे त्यांतले एक आकाशासारखे निळे निघाले.

बातमी गल्लीभर झाली. कोणी म्हणाले, विकणाऱ्याने मादी आधीच निळ्या नराजवळ ठेवलेली असणार. पण मादी आमच्याकडे येऊन दहा महिने झाले होते. कोणी म्हणाले, ग्रहणाचा परिणाम. आमच्या पत्नींनी तर आम्हालाच विचारले, “तुम्ही एवढे अंधश्रद्धेवर भाषण देता, मग सांगा ना हे कसं झालं ते!” आम्ही निरुत्तर झालो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटासाठी कारकुनी करणारे. जीवशास्त्राचा आणि आमचा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण प्रश्न घरातला होता. चिरंजीवांचे पाठ्यपुस्तक, वाचनालयातील दोन पुस्तके आणि एका महाविद्यालयातील प्राध्यापक मित्रांचे दोन रविवार असे भांडवल गोळा करून आम्ही शिकायला बसलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम पक्ष्याची ओळख. आपल्याकडे बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. तो असतो बजरीगर, पाळणाऱ्यांच्या बोलीत बजी. मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला हा चिमुकला पोपट. राळा आणि बाजरी खातो, चोच घासायला व चुन्यासाठी समुद्रफेस लागतो, आणि आपल्याकडे त्याला घरटे म्हणून बाजूला भोक पाडलेले मातीचे मडके टांगतात. मादी एकाआड एक दिवस अंडी घालते, अठरा दिवसांत पिल्लू फुटते आणि पाचेक आठवड्यांत ते मडक्याबाहेर येते. मोठ्या पक्ष्याच्या चोचीवरची मेणचट पट्टी साधारणतः निळी असली तर नर, तपकिरी असली तर मादी. रानातला बजी हिरवा असतो. बाजारात दिसणारे निळे, पिवळे, पांढरे आणि राखी बजी माणसाने पिंजऱ्यात निवडून निवडून वाढवलेले आहेत.

आता निळ्या पिल्लाचे कोडे. आम्हाला ते जमाखर्चाच्या वहीने सुटले. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी असतात हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सजीवाच्या अंगचे बहुतेक गुणही असेच दोन नोंदींनी लिहिलेले असतात, एक नोंद आईकडून आणि एक बापाकडून. या नोंदीला जनुक म्हणतात. हिरव्या रंगाची नोंद जोरकस असते. दोनपैकी एक जरी हिरवी असली तरी पक्षी हिरवा दिसतो. निळ्याची नोंद दबून राहते. ती दोन्हीकडून आली तरच पक्षी निळा होतो. आमच्या नराच्या आणि मादीच्या पोटात प्रत्येकी एक निळी नोंद दडलेली होती. वरून पाहणाऱ्याला ती दिसणे शक्य नव्हते. अशा पक्ष्याला पाळणारे लोक ‘स्प्लिट’ म्हणतात.

दोन स्प्लिट एकत्र आले की दर पिल्लामागे चारांत एक शक्यता निळ्याची. याचा अर्थ दर चौथे पिल्लू निळे होईल असा नाही, ही चूक आम्हीही केली. नाणे उडवल्यासारखे आहे. छापा दोनदा पडला म्हणून तिसऱ्यांदा काटा पडलाच पाहिजे असे नाण्यावर बंधन नसते. पहिल्या खेपेत चारही हिरवी निघाली याचे कारण एवढेच. मेंडेल नावाच्या एका ख्रिस्ती मठवाशाने मठाच्या बागेत वाटाणे पेरून, मोजून, हा हिशेब मांडला आणि १८६६ साली छापला. पुढे चौतीस वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला तेव्हा मेंडेल हयात नव्हता.

यात आणखी एक गंमत आहे. निळ्या पक्ष्यात निळा रंग मुळी नसतोच! पिसाच्या आत अतिसूक्ष्म जाळीदार रचना असते आणि तिच्यावर प्रकाश पडला की निळा तेवढा परत फिरतो. आम्ही एक गळालेले निळे पीस खलबत्त्यात घालून चांगले कुटले. निळाई गेली, मळकट भुकटी राहिली. हिरव्या पक्ष्यात या निळाईवर पिवळ्या रंगद्रव्याचा थर चढलेला असतो, आणि निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा हे आपल्या मुलांना रंगपेटीतून ठाऊक असते. म्हणजे आमच्या पिल्लाला निळे काही मिळाले नव्हते, उलट त्याचे पिवळे हरवले होते. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागचे जनुक शोधून काढले. पिवळे द्रव्य तयार करणाऱ्या प्रथिनात एका ठिकाणी एका घटकाऐवजी दुसरा बसला आहे, एवढ्यानेच कारखाना बंद! आमच्या कचेरीत एका अक्षराच्या चुकीने माणसाची पेन्शन अडते, त्याची आठवण झाली.

आम्ही हे आजीबाईंना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “असेल. पण फोटोखालीच का झालं?”

रंगाच्या हौसेचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजी इंग्लंडात नेले. पुढे युरोपात घरोघर त्यांची पैदास झाली आणि १८८०च्या सुमारास बेल्जियममध्ये निळा बजी दिसला. १९२०च्या दशकात जपानात निळ्या बजीचे असे वेड पसरले की किमती आकाशाला भिडल्या, आणि थोड्याच वर्षांत कोसळल्या. आपल्याकडेही असे होतेच. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या योजनेत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले हे वाचकांच्या स्मरणात असेल. प्राणी खरा होता, भाव खोटा होता.

असाच एक प्रकार आमच्या दारात येऊन उभा राहिला. आमच्या वस्तीतला एक तरुण वाळूज औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होता. कंत्राट गेले. त्याने पत्नीच्या बचत गटातून अठरा हजार रुपये उचलले आणि शहरातील एका विक्रेत्याकडून सहा जोड्या आणल्या. प्रत्येक जोडीत लाल डोळ्यांची शुभ्र पांढरी मादी आणि हिरवा नर. पहिल्याच खेपेपासून पांढरी पिल्ले पडतील आणि एकेक हजाराला जाईल, असे त्याला सांगितले गेले होते. दोन खेपांत चाळीसहून अधिक पिल्ले झाली. तीन-चार निळी सोडली तर सगळी हिरवी! हिरव्याला बाजारात भाव नाही. माद्यांना रंग फासला असेल या संशयाने त्याने एक मादी कोमट पाण्याने धुवूनसुद्धा पाहिली. गटाचा हप्ता दर महिन्याला येत होता. त्याची पत्नी गटाच्या बैठकीला जायची टाळू लागली. एके रात्री तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, जयभीम. तुमच्या पोराला ते निळ्याचं गणित येतं म्हणतात. माझं बघता का जरा?”

कचेरीतल्या एका रद्द झालेल्या फॉर्मच्या पाठीवर आम्ही आणि चिरंजीव हिशेब करत बसलो. पांढऱ्या रंगाला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक म्हणजे निळेपण, अर्थात पिवळे द्रव्य नसणे. दुसरी म्हणजे काळे द्रव्यही नसणे, ज्यामुळे डोळे लाल दिसतात आणि पिसातली निळाईही उठून दिसत नाही. काळे द्रव्य नसले पण पिवळे असले तर पक्षी हळदीसारखा पिवळा होतो, त्याला ल्युटिनो म्हणतात. दोन्ही नसली तर पांढरा, म्हणजे अल्बिनो.

आणि काळे द्रव्य घालवणारी ही नोंद लिंगाशी बांधलेली असते. माणसात दोन सारखी गुणसूत्रे असली तर मुलगी आणि दोन वेगळी असली तर मुलगा. पक्ष्यांत नेमके उलटे, नराची सारखी आणि मादीची वेगळी. त्यामुळे या नोंदीच्या बाबतीत मादीजवळ एकच पान असते, आणि ते तिला बापाकडून मिळते. पांढऱ्या आईची ही नोंद तिच्या मुलींना जातच नाही. ती मुलग्यांना जाते, आणि त्यांच्यात बापाकडून आलेल्या चांगल्या नोंदीखाली दडून बसते. म्हणजे पांढरी मादी आणि शुद्ध हिरवा नर यांना लाल डोळ्यांचे पिल्लू जन्मात होणार नव्हते. जोडी उलटी असती, नर लाल डोळ्यांचा आणि मादी हिरवी, तर सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या निघाल्या असत्या. विक्रेत्याला हे ठाऊक होते की नव्हते, आम्ही सांगू शकत नाही.

(इथे थोडे विषयांतर. आमच्या पत्नी महिला मंडळात हा भाग सांगतात तेव्हा एक वाक्य हमखास जोडतात. पक्ष्यांत नर की मादी हे आई ठरवते, माणसात ते बापाकडून ठरते. तेव्हा तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासूने फार तर आपल्या लेकाला बोलावे. बायका हसतात. एक-दोघी हसत नाहीत.)

तो तरुण पांढऱ्या माद्या मिळेल त्या भावाने विकायला निघाला होता. आम्ही त्याला थांबवले. त्याच्या हिरव्या नरपिल्लांमध्येच त्याचे भांडवल दडलेले होते. प्रत्येक हिरवा मुलगा आतून दोन्ही नोंदी बाळगून होता. असा मुलगा पांढऱ्या मादीबरोबर लावला तर निम्म्या पिल्लांचे डोळे लाल, आणि त्यातली निम्मी पांढरी, निम्मी पिवळी येण्याची शक्यता. मात्र मुलगा आईबरोबर लावायचा नाही. पहिल्या जोडीचा मुलगा चौथ्या जोडीच्या मादीला, चौथ्याचा दुसऱ्या जोडीच्या, असे फिरवायचे. पायात खुणेच्या कड्या घालायच्या आणि वही ठेवायची. वही आम्ही आखून दिली, ते आमचे कामच आहे.

पण पक्षी वयात यायला वेळ लागतो. वर्षाच्या आत जोडी लावू नये. ते वर्ष कठीण गेले. हिरवी माद्या-पिल्ले दोनशे रुपये जोडीने विकून राळ्याचा खर्च भागवला, हप्त्यासाठी त्याने पुन्हा हातमजुरी केली. २०२३च्या थंडीत नव्या जोड्यांची पहिली खेप झाली. सत्तावीस पिल्ले, त्यात बारा लाल डोळ्यांची, सात पिवळी आणि पाच पांढरी. हजाराचा भाव कधीच नव्हता, चारशे मिळाले. गटाचे कर्ज चौदा महिने उशिरा फिटले. त्याचा फायदा किती झाला असे विचाराल तर मजुरी धरता काहीच नाही. तो आता पुन्हा वाळूजला कामाला आहे आणि चार जोड्या हौसेने पाळतो. पक्षीपालनातून घर चालते असे आम्ही कोणाला सांगणार नाही.

बजीच्या रंगांचे हे नियम ज्यांनी शोधले त्यांत जर्मनीतील ब्रेमेन शहरातील हान्स डुंकर या शाळामास्तराचे नाव मोठे आहे. १९२०च्या दशकात एका धनिक पक्षीपालकाच्या मदतीने त्याने शेकडो पक्ष्यांच्या जोड्या लावून हिशेब मांडला. लाल कॅनरी पक्षी निर्माण करण्याचा ध्यास त्याचाच. परंतु हाच विद्वान माणसांच्या बाबतीत वंशशुद्धीचा प्रचारक होता. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची निवड करावी तशी माणसांची करावी, या विचाराने त्याच्या देशात पुढे काय घडवले ते जगाला ठाऊक आहे. आपल्याकडे तर हा दावा जुनाच. जातिव्यवस्था म्हणजे रक्त शुद्ध ठेवण्याची शास्त्रीय सोय आहे, असे सांगणारे लोक होते. १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी सुप्रजननशास्त्राचा हा आधार तपासून मोडीत काढला. आम्ही हे पुस्तक तरुणपणी वाचले होते, पण ती पाने पुन्हा काढून वाचली ती या पक्ष्यांमुळे.

शुद्धतेचा हट्ट प्राण्यांनाही मानवत नाही. परदेशात दाढीवाला सरडा पाळण्याची मोठी हौस आहे. तोही ऑस्ट्रेलियाचाच, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. लाल, लिंबूपिवळा, पांढुरका अशा रंगांसाठी त्याची पैदास होते. त्यात एक मऊ कातडीची जात काढली आहे. त्या गुणाची एक नोंद असली तर खवले बारीक होतात आणि रंग खुलतो. दोन झाल्या तर खवलेच उरत नाहीत. कातडी रेशमासारखी दिसते, पण ती सहज फाटते, कोरडी पडते, उन्हाने भाजते. असे दोन सरडे जोडीला लावू नयेत हे साधे गणित, तरी दिखाऊपणासाठी लावणारे लावतात. बजीतही बहीणभाऊ पुन्हा पुन्हा लावले की दुबळी पिल्ले निघतात, कारण रंगाबरोबर दडलेल्या वाईट नोंदीही जोडीने वर येतात. जाता जाता एक सूचना. हे सारे परदेशी बजीपुरते. आपला रानातला राघू पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. आमच्या पुतणीला वर्धा जिल्ह्यातील स्थळ आले. मुलगा शिक्षक, घर चांगले, हुंड्याचे नाव नाही. बोलणी होत आली असताना कळले की मुलाच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. त्याला वारंवार हातपाय दुखण्याचे झटके येतात, रक्त भरावे लागते. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. नागपूरकडे हा १९५८ साली प्रथम नोंदला गेला. विदर्भात तो आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजातही बराच आढळतो. मराठवाड्यातल्या आपल्या लोकांना त्याची फारशी माहिती नसते आणि सोयरिकी तर आता सगळीकडे होतात.

आमच्या थोरल्या बंधूंनी स्थळ मोडायचे ठरवले. “रोगी घरात पोरगी द्यायची नाही,” असे ते म्हणाले. आम्ही दोघांच्याही रक्ताची तपासणी करू म्हणालो तेव्हा तिकडून निरोप आला, “आमच्या रक्तात खोट काढता काय?” दोन्हीकडून आमच्यावर रोष. पंधरा दिवस कोणी कोणाशी बोलेना.

शेवटी बंधूंना आम्ही पिंजऱ्यासमोर बसवले. तो हिरवा नर दाखवला. म्हणालो, हा निळा आहे का? नाही. आजारी आहे का? नाही. निळी नोंद याच्यात आहे का? आहे. सिकलसेलचा वाहक असाच असतो, विदर्भात त्याला ‘एएस’ म्हणतात. त्याला सहसा काही त्रास नसतो. उलट ही एक नोंद अंगी असणाऱ्याला जीवघेण्या मलेरियापासून पुष्कळ संरक्षण मिळते आणि म्हणूनच मलेरियाच्या मुलखात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कोणाच्या जातीचा, पापपुण्याचा संबंध नाही. दोन्ही नोंदी आल्या, म्हणजे ‘एसएस’, तरच आजार. मुलाचे आईवडील दोघेही वाहक, म्हणून धाकट्याला तो झाला, आमच्या निळ्या पिल्लासारखा. मुलगा स्वतः वाहक असला आणि आपली मुलगी नसली, तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार होणार नाही. दोघेही वाहक निघाले तर मात्र प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक धोका आहे, मग डॉक्टरांशी बसून विचार करावा लागेल. बंधू बराच वेळ त्या नराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “करा तपासणी.”

सरकारी रुग्णालयात दोघांची तपासणी झाली. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून याबाबत बरीच हालचाल आहे. साध्या चाचणीवर न थांबता पुढची सविस्तर चाचणी करावी लागते, कारण वाहक आणि रुग्ण यातला फरक तीच सांगते. शिवाय दुसऱ्या जोडीदारात थॅलेसेमियाची नोंद नाही हेही पाहावे लागते. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी होऊ शकते. मुलगा ‘एएस’ निघाला. आमची पुतणी दोन्हींतून मोकळी. अहवाल हाती आला तेव्हा मुलाच्या आईने फोनवर आमच्या पत्नींना एवढेच विचारले, “मग आता लग्न होईल ना?”

२०२४च्या मे महिन्यात लग्न झाले. पुतणीला मुलगी झाली आहे. तिचीही तपासणी करून घेतली, ती बापासारखीच वाहक आहे, ठणठणीत आहे. तिचे कार्ड पुतणीने शाळेच्या दाखल्याच्या फायलीत आतापासून लावून ठेवले आहे.

धाकट्या दिराला दर महिन्याला सेवाग्रामला न्यावे लागते. आता त्याच्याबरोबर बहुतेक वेळा पुतणीच जाते. मागच्या खेपेला ती दोघे गंगापूरला आली होती. त्याने पिंजऱ्याशी बसून निळ्या पक्ष्याला कोथिंबीर भरवली आणि हा किती वर्षे जगेल असे विचारले. चांगला सांभाळला तर सात-आठ वर्षे, आमच्या चिरंजीवांनी सांगितले. त्याला सध्या हिरवी जोडीदारीण आहे आणि मडक्यात चार अंडी आहेत.